‘ची’ला इंग्रजीत काय लिहू?

गोधडीखाली लावायच्या इंग्रजी कार्डावर ‘बाय’ लिहायचं की ‘फ्रॉम’, यावर मी मागच्या हिवाळ्यात एक अख्खी दुपार घालवली. साताऱ्याकडच्या एका गावात जुन्या घरगुती वस्तूंचं छोटंसं प्रदर्शन होतं, शाळेच्या दोन वर्गांत बाकं बाजूला सारून मांडलेलं, आणि पुण्यातल्या एका कॉलेजमधले परदेशी विद्यार्थी बघायला येणार म्हणून प्रत्येक वस्तूखाली मराठी-इंग्रजी दोन्ही कार्डं हवी होती. मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे इंग्रजीचं माझ्याकडे आलं. मराठी कार्डं आधीच तयार होती, तिथल्याच एका बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलेली. एकावर होतं ‘आजीची गोधडी’ आणि खाली घराण्याचं आडनाव. बास, एवढंच.

मराठीत वाचताना कुठे अडखळायला होत नाही. आजीची गोधडी म्हणजे आजीची गोधडी. पण इंग्रजीत टाइप करायला घेतलं आणि हात थांबला. आजीने शिवलेली? आजी पांघरायची ती? आजीच्या लुगड्यांची? की आजीच्या ट्रंकेत सापडली म्हणून आजीची? आपल्या ‘ची’मध्ये हे सगळं एकत्र कुटुंबासारखं राहतं, कुणी कुणाला विचारत नाही तू नक्की कोण. इंग्रजीत मात्र आधी ठरवावं लागतं. शिवली असेल तर बाय, तिच्या कपड्यांची असेल तर फ्रॉम, तिच्या मालकीची असेल तर ऑफ किंवा बिलाँगिंग टू, आणि घरच्यांनी नुसती प्रदर्शनाला दिली असेल तर कर्टसी ऑफ. आणि यातलं काय खरं ते त्या कार्डावर कुठेच नव्हतं, कारण ते कुणी आजीला विचारलेलंच नव्हतं.

ही अडचण काही गोधडीपुरती नाही. ‘करमरकरांचा पुतळा’ म्हटलं की पुतळा करमरकरांनी घडवलेला की करमरकरांचा स्वतःचा? पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात 1928 सालचा जो अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा आहे तो शिल्पकार वि. पां. करमरकरांनी केला, आणि माहीतगार माणसं त्याला सरळ करमरकरांचा शिवाजी म्हणतात. पुतळा महाराजांचा, पुतळा करमरकरांचा, दोन्ही एकाच वेळी खरं आणि दोन्हीला ‘चा’च. इंग्रजीत महाराजांना ऑफ मिळतो आणि करमरकरांना बाय, आणि अदलाबदल झाली तर अर्थच उलटा होतो. हे मी एका माहितीपत्रकात खरंच झालेलं बघितलंय, दुसऱ्या एका शिल्पाच्या बाबतीत, शिल्पकाराच्या नावाआधी ऑफ पडला होता आणि वाचणाऱ्याला वाटावं की हे त्यांचंच स्मारक आहे.

आपली सवय कानातून आलेली आहे असं मला वाटतं. रेडिओवर गाणं लागायच्या आधी सांगायचे ना, शब्द अमक्यांचे, संगीत तमक्यांचं, स्वर अमुक यांचा. गीतरामायण 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, 56 गाणी, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. इथे प्रत्यय एकच पण गोंधळ अजिबात नाही, कारण काम कोणतं ते आधीच सांगून टाकलेलं असतं, शब्द, संगीत, स्वर, नेपथ्य, प्रकाशयोजना. मराठी श्रेयनामावली अशी कामाच्या नावावर उभी असते, प्रत्ययावर फार भार टाकत नाही, छापताना तर तोही गाळून नुसती रेघ मारली तरी चालतं. इंग्रजी बऱ्याचदा उलट करतं. कामाचं नाव गाळून नुसतं बाय लिहितं आणि सगळा भार त्या बायवर येतो. म्हणून मराठी कार्डाचं इंग्रजी करताना मी आता आधी रेघेच्या डाव्या बाजूचा शब्द शोधते. तो नसेल तर भाषांतर सुरूच करत नाही, फोन करते.

पण आपल्याकडे बाय नव्हता असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. शाळेत घोकलेली तृतीया आठवा, ने ए शी. त्यातला तो ‘ए’ आता बोलण्यात फारसा उरला नाही, पण ज्ञानेश्वरीच्या शेवटी बघा कसा बसलाय. ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ शके 1212 म्हणजे इसवी 1290. केली ज्ञानेश्वरें. हा आपला बाय. आणि त्याच ओवीत, त्याच मानाने, दुसरं श्रेय. सच्चिदानंदबाबा लेखकु जाहला, म्हणजे त्यांनी लिहून घेतलं. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. आज आपण लेखक म्हटलं की ज्याच्या डोक्यातून आलं तो समजतो, तिथे लेखक म्हणजे ज्याच्या हाताने कागदावर उतरलं तो. इंग्रजीत रिटन बाय एवढंच लिहिलं तर या दोघांपैकी नक्की कुणाचं नाव टाकायचं? मी ही ओवी लहानपणापासून ऐकत आले, आजोबा पारायण संपलं की ती जरा थांबून म्हणायचे, पण ही श्रेयनामावली आहे हे मला कार्डं लिहायला लागल्यावर लक्षात आलं.

आणि पुढची गोष्ट तर अजून सुंदर आहे. जवळपास तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठांतल्या चुका काढून ती शुद्ध केली. तेव्हा त्यांनी आपलं कामही नेमकं सांगितलं, प्रति शुद्ध केली, एवढंच. त्यात एक ओवीही स्वतःची घालायची नाही, जो घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा, असंही बजावून ठेवलं. आज याला एडिटेड बाय म्हणतात. म्हणजे एकाच ग्रंथावर करणारा, लिहून घेणारा आणि शुद्ध करणारा अशी तीन माणसं आणि तिघांना तीन वेगळी क्रियापदं, ज्ञानेश्वरी छापली जायच्या कितीतरी आधी. पाठांतर करणाऱ्या, नकला करणाऱ्या लोकांना कोणाचं काय हे सांगून ठेवण्याची किती काळजी असेल.

एकनाथांची स्वतःची सही घ्या, एका जनार्दनीं. जनार्दनस्वामी त्यांचे गुरू. ती सप्तमी आहे, जनार्दनाच्या ठायी एका. बाय एकनाथ लिहिलं की एकनाथ पोचतात, जनार्दन मात्र गळून जातात. आता जनाबाई घ्या, नामयाची जनी. सोयराबाई, म्हणे चोखियाची महारी. तुका म्हणे, नामा म्हणे, पुरुष आपल्या नावाने उभे राहतात, आणि या दोघी आपल्याच अभंगात षष्ठीतून येतात, कुणाची तरी म्हणून. यात त्यांची भक्ती आहे, त्यांचं ते आपण होऊन निवडलेलं नातं आहे, मला ते पुसायचं नाही. पण अभंगाच्या वर बाय सोयराबाई असं स्वच्छ यायलाच हवं आणि खाली तिची सही तिने केली तशीच राहायला हवी. एकासाठी दुसरं खोडायचं नाही. गोधडीच्या कार्डावर घराण्याचं आडनाव बघून मला जे खुपलं ते हेच होतं, ‘ची’ तेवढी उरली होती आणि ‘म्हणे’ नाहीसं झालं होतं.

प्रदर्शनात दुसरी अडचण रवि वर्म्याच्या चित्राची. एका घरातून देवघरातली जुनी लक्ष्मी आली होती, काचेच्या फ्रेममध्ये, साडीच्या काठावर कुणीतरी खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. मराठी कार्ड, ‘राजा रवि वर्मा यांचे चित्र’. याचं इंग्रजी पेंटिंग बाय राजा रवि वर्मा असं केलं तर एका ओळीत दोन चुका होतात. ते पेंटिंग नव्हतं, ओलिओग्राफ होता, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेला. रवि वर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. रवि वर्मा 1906 मध्ये वारले तरी त्यांच्या नावाचा छापखाना चालूच राहिला आणि त्यातून दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही निघाली, धुरंधरांनीसुद्धा त्यांच्यासाठी काम केलंय. म्हणजे खाली रवि वर्मा प्रेस असं छापलेलं दिसलं एवढ्यावर ते चित्र रवि वर्म्यांचंच असं म्हणताच येत नाही. मूळ चित्र त्यांचं आहे हे पक्कं कळलं तर इंग्रजीत आफ्टर राजा रवि वर्मा, आणि नसेल कळत तर फ्रॉम द रवि वर्मा प्रेस.

हा आफ्टर मला फार आवडतो. पाश्चात्त्य लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्याची एक उतरंड असते. नुसतं चित्रकाराचं नाव म्हणजे त्यांच्या मते त्याचंच चित्र, मग अॅट्रिब्यूटेड टू, मग स्टुडिओ ऑफ, सर्कल ऑफ, फॉलोअर ऑफ, मॅनर ऑफ आणि सगळ्यात शेवटी आफ्टर, म्हणजे मूळ कल्पना त्याची, हात दुसऱ्याचा. एकेका पायरीला किंमत कितीतरी पटींनी उतरते, त्यामुळे तिथे हे शब्द फार जपून वापरतात. मराठीत आफ्टरचं ‘नंतर’ केलेलं मी पाहिलंय आणि वाचून काहीच बोध होत नाही. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे की, ‘वरून’. रवि वर्म्यांच्या चित्रावरून. आपण चित्रकलेच्या वहीत गणपती काढायचो तो कॅलेंडरवरून, आणि कुणी विचारलं तर सांगायचोही वरून काढलाय म्हणून. त्या लक्ष्मीच्या मराठी कार्डावर मी बाईंना विचारून ‘यांचे’ खोडून ‘यांच्या चित्रावरून’ करून घेतलं, छापखान्याची ओळ टाकली, आणि टिकल्यांसाठी वेगळी ओळ मागितली. त्या कुणी लावल्या ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. मग तिथे घरातल्या बाईने लावलेल्या एवढंच लिहिलं, नाव नाही तर नाही, पण हात तरी दिसू दे.

जुन्या युरोपियन खोदचित्रांच्या खाली तर कोपऱ्यात लॅटिन क्रियापदं असत, डावीकडे पिंक्सिट म्हणजे याने रंगवलं, उजवीकडे स्कल्प्सिट म्हणजे याने कोरलं, कधी एक्सकुडिट, याने छापलं. प्रीपोझिशन नाहीच, सरळ कोणी काय केलं ते. ज्ञानेश्वरीच्या ओवीची मला तिथे आठवण होते, आणि दूरच्या दोन ठिकाणच्या माणसांना एकच गोष्ट सुचली याचा आनंद होतो.

कर्टसी ऑफ हा शब्द मात्र माझ्या मनातून उतरलाय. म्हणजे शब्द वाईट नाही, ज्याने वस्तू किंवा फोटो वापरायला दिला त्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण जुन्या फोटोखाली फोटो कर्टसी अमुक कुटुंब असं लिहून काम झालं असं जेव्हा समजतात तेव्हा ज्याने कॅमेऱ्यामागे उभं राहून तो काढला तो माणूस कायमचा जातो. त्या प्रदर्शनात लग्नाचे सहा-सात फोटो होते, आणि उलटून बघितल्यावर दोनांच्या मागे तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओचा शिक्का निघाला. प्रत्येक फोटो फ्रेमातून काढून मागे बघायला अर्धा तास गेला असेल. दोन कार्डांवर फोटोग्राफ बाय आलं, खाली बारीक अक्षरात कर्टसी ऑफ. त्याच क्रमाने.

मग जात्यावरच्या ओव्या. एका कोपऱ्यात जातं ठेवलं होतं आणि मोबाइलवर गावातल्या दोन बायकांच्या ओव्या रेकॉर्ड करून लावल्या होत्या. तिथे बाय लिहायला मन होईना. ओवी कुणी रचली हे गाणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, आईकडून आली, तिला तिच्या सासूकडून. ‘कडून’ आली. पण गाताना त्यात भावाचं नाव तिचंच असतं, गाव तिचंच असतं, मग ओवी तिची नाही असं कसं म्हणायचं? गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आता त्या पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, आणि तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका असतो. मी तीच वाट धरली, ‘संग बाय’, म्हणजे हिने गायलं, पुढे पूर्ण नाव, गाव. बाय आहे पण त्याच्या आधी क्रियापद आहे, आणि त्यामुळे खोटंही होत नाही आणि बाईही हरवत नाही.

बहिणाबाईंचं नाव इथे आल्याशिवाय राहत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी तोंडी रचलेली, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि सोपानदेवांच्या एका नात्यातल्या भावाने उतरवून घेतली, आणि पुस्तक आलं 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर. नाव ‘बहिणाबाईची गाणी’. परत ‘ची’. इंग्रजीत साँग्ज ऑफ केलं तर आपल्या कानाला गोड लागतं पण नुसतं ऑफ म्हणजे त्यांच्याविषयीची गाणीही होऊ शकतात, किंवा लोकगीतांसारखी कुणाचीच नसलेली, वाऱ्यावरची. माझं मत स्पष्ट आहे, तिथे बायच हवा. रिटन बाय नाही, ते खोटं होईल, नुसता बाय. रचणं आणि लिहिणं ही दोन कामं आहेत हे आपल्याला 1290 पासून माहीत आहे.

हे सगळं मला इतकं का लागतं त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका पुस्तिकेचं पूर्ण इंग्रजी केलं होतं, ऐंशीएक पानं, चार महिने, आणि छापून आली तेव्हा माझं नाव शेवटच्या पानावर विथ थँक्स टू या यादीत होतं, हॉल देणाऱ्यांच्या आणि सतरंज्या देणाऱ्यांच्या मध्ये. मी विचारल्यावर प्रकाशकांचं म्हणणं असं की नाव आलंय ना. खरंच आलं होतं, स्पेलिंगही बरोबर होतं. पण टू आणि बाय यात जे अंतर आहे ते माझे चार महिने होते. टू म्हणजे ज्याच्याकडे आभार पोचवले ती मी, बाय म्हणजे जिच्यामुळे ही वाक्यं झाली ती मी. मला दुसरी व्हायचं होतं. 2016 पासून इंटरनॅशनल बुकर पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात सारखी वाटतात, ते वाचलं तेव्हा पैशापेक्षा मला हेच आठवलं की तिथे कुणीतरी मान्य केलं, ही वाक्यं दोन माणसांनी केली. ट्रान्सलेटेड फ्रॉम द मराठी बाय, ही ओळ मला पुस्तकातली सगळ्यात देखणी ओळ वाटते. तिच्यात भाषाही आहे आणि माणूसही. फ्रॉम गेला तर मराठी जाते, बाय गेला तर आम्ही.

हॉलिवूडमध्ये तर ‘आणि’सुद्धा दोन प्रकारचा असतो. तिथल्या लेखक संघटनेच्या नियमात दोन नावांमध्ये अँडचं चिन्ह असेल तर दोघांनी एकत्र बसून लिहिलं, आणि अँड हा शब्द अक्षरात लिहिला असेल तर वेगवेगळं लिहिलं, एकाच्या मसुद्यावर दुसऱ्याने काम केलं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हे जरा अतीच वाटलं होतं. आता नाही वाटत.

तर गोधडी. त्या दुपारी शेवटी मी कार्ड तसंच सोडलं आणि त्या घरी गेले. आजी ओसरीवर बसल्या होत्या, नव्वदीच्या, कानाने जरा कमी. मी विचारलं, आजी, गोधडी तुम्हीच शिवली ना? त्या म्हणाल्या, एकटीनं कशी होईल गं. मग प्रदर्शनातून गोधडी परत मागवली, त्यांच्या मांडीवर टाकली आणि त्या बोटाने दाखवत गेल्या. मधला चौकोन सासूबाईंचा, त्यांचा धावदोरा बघ कसा तांदळाच्या दाण्यासारखा, माझा लांब पडायचा म्हणून मला कडेला बसवायच्या. अस्तर सासऱ्यांच्या धोतराचं. हे हिरवं माझ्या लग्नातलं लुगडं, हे जांभळं मोठ्या मुलीचं, तिच्या बारशाला आलेलं कापड. किती दिवस लागले? दोन उन्हाळे.

मी वहीत लिहून घेत होते आणि मनातल्या मनात एकेका नावाला त्याचं अक्षर मिळत होतं. सासूबाई आणि आजी, दोघींना बाय. लुगडं, धोतर, बारशाचं कापड, यांना फ्रॉम. घराण्याला कर्टसी ऑफ, शेवटी, लहान टाइपात. मराठी कार्डही बदललं, ‘यांनी शिवलेली’ आणि खाली ‘यांच्या लुगड्या-धोतरांची’. आयोजक म्हणाले कार्ड फार मोठं होतंय, बाकीच्यांपेक्षा दुप्पट. मी म्हटलं होऊ दे.

रात्री साडेनऊला आजींच्या नातवाचा फोन आला. आजी झोपत नाहीये, म्हणतेय त्या ताईंना सांग जाऊबाईंचं राहिलं. जाऊबाई दुसऱ्या उन्हाळ्यात होत्या, दुपारी येऊन बसायच्या, एक अख्खी बाजू त्यांनी घातलीय, आणि त्या गेल्या त्याला चाळीस वर्षं झाली. मी पूर्ण नाव विचारलं. नातवाला माहीत नव्हतं, त्याने फोन आजीच्या कानाला लावला, आणि आजींनी आधी माहेरचं नाव सांगितलं, मग सासरचं, दोन्ही, हळूहळू, मला नीट लिहिता यावं म्हणून.

सकाळी सातला एसटी स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान उघडायच्या आधीच मी तिथे पेनड्राइव्ह घेऊन उभी होते.